फुलीची सही

आमच्या व्याह्यांच्या बैठकीच्या खोलीत एक दगड होता. मुठीत मावेल एवढा, करडा, एका बाजूने शेवाळ वाळून काळा पडलेला. आपल्याकडे देवघरात शाळिग्राम ठेवतात तशा निगुतीने तो मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेला असे. त्याच्या मागे चौकटीतला एक फोटो. हिरव्या उतारावर छप्पर नसलेले दगडी घर आणि त्याच्या दारात टोपी हातात घेऊन उभे असलेले आमचे व्याही. खाली पितळेची पट्टी, तिच्यावर एका खेड्याचे नाव, ‘कौंटी कॉर्क, आयर्लंड’ आणि साल २००९.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहाच्याही आधी त्यांनी तो दगड माझ्या हातात दिला. म्हणाले, “माझ्या खापरपणजोबांच्या घराच्या भिंतीतला आहे. त्या दारात उभा राहिलो आणि लहान मुलासारखा रडलो.” मी तो दोन्ही हातांनी घेतला. कपाळाला लावावा की काय, अशा विचारात क्षणभर पडलो आणि परत दिला.

हे सांगण्याचे कारण असे की, तो दगड घरी आल्यानंतर चौदा वर्षांनी, तो चुकीच्या घराचा आहे हे शोधून काढण्याचे पाप माझ्या हातून घडले.

आमचे चिरंजीव न्यूजर्सीत स्थायिक झाले आणि त्यांनी आयरिश वंशाच्या मुलीशी लग्न केले. माझ्या आत्तेबहिणीने जातीबाहेरचा मुलगा पसंत केला तेव्हा आमच्या वाड्यात दोन दिवस चूल पेटली नव्हती. इथे मात्र सौ.ने फक्त “तिला वरणभात चालतो ना?” एवढेच विचारले. काळ बदलतो तो असा. सूनबाई गुणी आहेत. तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चौतीस वर्षे मोटरमन होते. मी एका बँकेत अडतीस वर्षे काढली. दोघेही निवृत्त, दोघांनाही दुपारी झोप लागत नाही आणि दोघांनाही ऐकून घेणारे माणूस हवे. आमचे जमले ते यामुळे.

२०२३च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी तिकडे गेलो होतो. व्याह्यांचे वय तेव्हा ७९. त्या वर्षी त्यांचे हृदयाचे दुखणे वाढले होते. एका दुपारी त्यांनी एक जाडजूड फाइल माझ्यापुढे ठेवली. पैसे घेऊन वंशावळ शोधून देणाऱ्या एका गृहस्थाकडून त्यांनी ती करवून घेतली होती. “तुम्ही बँकवाले. तुम्हांला कागद वाचता येतात. वाचा,” ते म्हणाले. त्यांना माझी तपासणी नको होती, दाद हवी होती. पण सवयीला औषध नसते. व्हाउचर दिसले की माझा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो.

त्या फाइलचे महत्त्व कळायला आयर्लंडची गोष्ट थोडी सांगायला हवी. १८४५ साली तिथल्या बटाट्यावर रोग पडला. गरिबांचे सारे जेवण म्हणजे बटाटा. पुढच्या सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाने मेली आणि दहा लाखांहून जास्त जहाजांत बसून देशाबाहेर गेली. १८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांच्या वर होती, १८५१मध्ये ती ६५ लाखांच्या आसपास उरली. गेलेल्यांचे वंशज आज अमेरिकेत कोट्यवधींनी आहेत आणि म्हातारपण आले की त्यांच्यातल्या पुष्कळांना एकच प्रश्न छळू लागतो. आपण नक्की कुठले?

आपल्याला वाटते, यात काय अवघड? आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांची चोपडी उघडली की पणजोबांच्या हातची नोंद सापडते. कुलवृत्तांत असतात, कुलदैवत असते, निदान आडनावात तरी गाव असते. आयरिश माणसाचे तसे नाही. त्या काळच्या जहाजांच्या याद्यांत उतारूचे नाव, वय, धंदा आणि देश एवढेच लिहीत. देशाच्या रकान्यात ‘आयर्लंड’. संपले! आणि आयर्लंडमध्ये ३२ कौंट्या, कौंटीत बॅरनी, बॅरनीत पॅरिश आणि पॅरिशमध्ये टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपल्या कोकणातल्या वाडीसारखी सर्वांत लहान वस्ती. अशा टाउनलँडची संख्या साठ हजारांच्या वर आहे. माणसाची वाडी कळली तर सगळे कळले. ती कळली नाही, तर हातात नाव उरते. आणि नावांची तिथे भलतीच टंचाई. एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाआडनावाचे दहा-दहा गृहस्थ असायचे.

सरकारी कागदपत्रांवरून शोधावे, तर त्यांचे नशीब त्या माणसांइतकेच खडतर. डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या इमारतीच्या आवारात देशाचे दप्तरखाने होते. १९२२ साली यादवी युद्धात बंडखोर तिथे ठाण मांडून बसले आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन दप्तरखाना जळाला. शतकानुशतकांचे कागद गेले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची जवळजवळ सारी पुस्तके त्यातच खाक झाली. १८६१ आणि १८७१च्या जनगणनांचे कागद तर सरकारने आधीच आपल्या हाताने नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला गेले. शाबूत राहिलेली सर्वांत जुनी संपूर्ण जनगणना १९०१ची. अलीकडे, २०२२ साली, त्या आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा ठिकठिकाणच्या नकलांवरून तो दप्तरखाना संगणकावर पुन्हा उभा करण्याचे मोठे काम लोकांपुढे आले. पण जळालेली प्रत्येक ओळ कशी परत येणार?

अशा वेळी शोधणाऱ्यांचा आधार म्हणजे ‘ग्रिफिथचे मूल्यांकन’. रिचर्ड ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात सबंध देशातली घरे आणि जमिनी कर आकारण्यासाठी मोजून घेतल्या आणि कोणत्या टाउनलँडमध्ये कोण राहतो, त्याच्या याद्या छापल्या. आपल्या सातबाऱ्याचा चुलतभाऊच म्हणा ना. व्याह्यांच्या फाइलचा सारा डोलारा या यादीतल्या एका ओळीवर उभा होता. कॉर्कमधल्या त्या वाडीत खापरपणजोबांच्या नावाचा एक कुळ सापडला होता. तेच नाव, तेच सलिव्हन हे आडनाव. झाले! वंशावळ पूर्ण.

पण फाइलमध्ये दुसरेही कागद होते. ते घरातले होते आणि त्यांच्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. त्यांवरून खापरपणजोबा १८५१मध्ये न्यूयॉर्कला उतरलेले दिसत होते. १८५४ साली मुलाचा बाप्तिस्मा तिथल्या मॉट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये झाला होता. १८५५च्या न्यूयॉर्क राज्याच्या शिरगणतीत, या शहरात राहून चार वर्षे झाली, अशी नोंद होती. आणि कॉर्कची ती छापील यादी होती १८५३ची! एकच खातेदार एकाच दिवशी दोन शाखांत पैसे काढताना दिसला तर कारकून काय करील? मी तेच केले. खाते बाजूला काढून ठेवले.

तरी मी स्वतःची समजूत घातली. यादी छापायला वेळ लागला असेल, माणूस निघून गेल्यावरही नाव राहिले असेल. आपल्याकडे मेलेल्याचे नाव सातबाऱ्यावर तीस-तीस वर्षे राहतेच की. मग मी आयर्लंडच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहायला बसलो. तिथे १८६४पासून सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद होते. त्या नोंदवह्यांची पुष्कळ पाने आता घरबसल्या, फुकट पाहता येतात. तिसऱ्या दिवशी मला हवे होते ते, खरे म्हणजे नको होते ते, सापडले. तीच वाडी, तेच नाव, धंदा शेती, वय साठ. मृत्यू १८७६ साली, राहत्या घरी. त्या वाडीत त्या नावाचे घर एकच होते. म्हणजे ज्या दारात आमचे व्याही रडले, त्या घराचा मालक अमेरिकेला कधी गेलाच नव्हता. तो त्याच भिंतींच्या आत म्हातारा होऊन निवांत मेला होता.

त्या रात्री मी सौ.ला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, “त्या माणसाने त्या दारात डोळे पुसलेत. आता त्याचं वय काय, दुखणं काय! तुम्ही काय ऑडिटला आलात का इथे?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. वंशावळीच्या चुकीने कोणाचे पैसे बुडत नव्हते. एका म्हाताऱ्याला एक दगड मिळाला होता, त्यात त्याचे समाधान होते. मुलाला विचारले. तो म्हणाला, “बाबा, त्यांची थुंकीची चाचणी झालेली आहे. मन्स्टर प्रांत निघालाय. कॉर्क त्यातच येतं. राहू द्या ना.” कॉर्क मन्स्टरमध्ये येते हे खरे, पण शेजारची केरी, लिमरिक, टिपरेरीसुद्धा येतात. एखाद्याला आपण ‘कोकणातले’ एवढे कळले म्हणून वाडी कळत नाही. तरीही मी फाइल मिटली आणि गप्प बसलो.

पुढच्याच आठवड्यात सूनबाईंनी आम्हांला आणि नातवाला एलिस बेटावर नेले. १ जानेवारी १८९२ला या बेटावरचे परदेशी उतारूंचे ठाणे उघडले. त्या दिवशी पहिल्या क्रमांकाने आत शिरली ती कॉर्कहून ‘नेवाडा’ जहाजाने आलेली ॲनी मूर नावाची मुलगी, आपल्या दोन धाकट्या भावांना घेऊन. अधिकाऱ्यांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. तिचा ब्राँझचा पुतळा तिथे आहे, आणि ती जिथून निघाली त्या आयर्लंडमधल्या कोव्ह बंदरावरही आहे. नातवाचा फोटो काढता काढता सूनबाईंनी त्या ॲनीची पुढची कथा सांगितली आणि मी तिथेच बाकावर बसलो.

कित्येक वर्षे सगळ्यांची समजूत अशी होती की, ही ॲनी पश्चिमेकडे गेली, टेक्सासमध्ये तिने संसार थाटला आणि १९२३ साली रस्त्यावरच्या ट्रामखाली सापडून ती वारली. तिच्या वंशजांना समारंभांना मानाने बोलावले जात होते. कथा अमेरिकेला शोभेशी होती. पोरगी आली, नशीब काढायला पश्चिमेला गेली. २००६मध्ये मेगन स्मोलेनयाक या वंशावळ-अभ्यासक बाईंनी कागद तपासले. टेक्सासची ॲनी मूर मुळात परदेशातून आलेलीच नव्हती. तिचा जन्म अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यात झालेला. खरी ॲनी न्यूयॉर्क सोडून कुठेच गेली नव्हती. ती मॅनहॅटनच्या खालच्या टोकाला गरिबांच्या चाळींत राहिली, एका जर्मन वंशाच्या माणसाशी तिने लग्न केले, तिला अकरा मुले झाली, त्यांतली पाचच मोठी झाली. १९२४ साली ती हृदयविकाराने गेली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिचे थडगे होते, पण त्यावर साधा दगडही नव्हता. सत्य कळल्यानंतर, २००८मध्ये, तिच्या नावाचा दगड तिथे बसवला गेला.

इतकी वर्षे मान टेक्सासच्या ॲनीला मिळत होता आणि पुतळा जिचा, ती बाई कॅल्व्हरीच्या गवताखाली निनावी पडून होती. तेव्हा माझ्या ध्यानात आले की गोड चूक फुकट नसते. आपण ज्याची नोंद दुसऱ्याच्या नावावर टाकतो, त्याला तिची किंमत द्यावी लागते. व्याह्यांच्या घरी दगड होता, फोटो होता, पितळी पट्टी होती. पण जो माणूस खरोखर जहाजात बसला, ज्याच्या कष्टांमुळे माझी सून या जगात आली आणि माझा नातू माझ्यासमोर चिप्स खात उभा होता, त्याची आठवण काढणारे कोणी नव्हते. त्याच्या वाट्याची आसवे भलत्याच दारात पडली होती.

मी ठरवले, नुसते खोटे खाते बंद करून चालणार नाही. आधी खरे शोधायचे आणि मगच तोंड उघडायचे.

आणि इथे माझी जन्मभराची नोकरी कामाला आली. १८५० साली न्यूयॉर्कमध्ये आयरिश लोकांच्या मदतीसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मंडळींनी चेंबर्स स्ट्रीटवर एक बँक काढली, ‘एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक’. गिऱ्हाईक म्हणजे हमाल, मोलकरणी, शिवणकाम करणाऱ्या विधवा, गवंड्याच्या हाताखालचे मजूर. त्यातल्या पुष्कळांना सही करता येत नव्हती. मग पैसे काढायला आलेला माणूस तोच, हे ओळखायचे कसे? बँकेने त्यासाठी ‘टेस्ट बुक’ नावाच्या वह्या ठेवल्या. खाते उघडताना कारकून विचारी: कुठल्या गावचा? कोणत्या जहाजाने, केव्हा आलास? आईबापांची नावे काय, हयात आहेत का? भाऊ किती, बहिणी किती, त्या कुठे असतात? बायको माहेरची कोण? सगळे लिहून ठेवी. पुढे पैसे मागायला आला की तेच प्रश्न पुन्हा. उत्तरे जुळली तर रक्कम हातात.

हे वाचले आणि मला आमची संगमेश्वर तालुक्यातली शाखा आठवली. मुंबईहून मुलाने पाठवलेले पैसे काढायला आलेल्या म्हाताऱ्या, शाईचा डबा, अंगठा, आणि मी कार्डावर लिहिलेली ओळखखूण, ‘डाव्या गालावर तीळ’. शंका आली तर मीही विचारत असे, “आजी, मुलगे किती? मधला कुठे असतो?” आपण हे कोणाच्या वंशजांसाठी लिहून ठेवतो आहोत, असे कधी मनात आले नाही. चेंबर्स स्ट्रीटवरच्या कारकुनाच्याही आले नसणार. त्याने फसवणूक टाळण्यासाठी लिहिले. सरकारचे दप्तर जळाले, चर्चची पुस्तके गरीब भागांत पुष्कळदा उशिराच सुरू झालेली, पण ज्याच्या नावावर गावाकडे जमिनीचा तुकडाही नव्हता त्या मजुराच्या आईचे नाव एका कारकुनाच्या वहीत टिकले.

त्या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. दारात दगडी सिंह असलेल्या त्या इमारतीत मी रोज डबा घेऊन जाऊ लागलो. घरी सांगितले, कादंबरीसाठी वाचतो आहे. मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसून सलिव्हनांची खाती पाहायची. आमच्या सलिव्हनच्या नावाचेच डझनभर निघाले. पण मी आता नावाला भुलणार नव्हतो. माझ्याकडे चार खुणा होत्या: बायकोचे माहेरचे आडनाव, १८५१ हे आल्याचे साल, राहण्याची गल्ली आणि मुलांची नावे. आयरिश घरांत पूर्वी एक रीत होती. पहिल्या मुलाला बापाच्या बापाचे नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचे. पहिल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला बापाच्या आईचे. म्हणजे व्याह्यांच्या घरातल्या मुलांच्या नावांवरून आजोबा-आजींची नावे अंदाजाने मांडता येत होती.

नवव्या दिवशी चारही खुणा एका ओळीत सापडल्या. १८५३ साली उघडलेले खाते. धंदा मजुरी. १८५१ मध्ये आला. बायकोचे माहेर जुळले, गल्ली जुळली. वडील मृत. आई तिकडेच, हयात, आणि तिचे नाव तेच, जे धाकट्या मुलीला दिले होते. दोन बहिणी, एक न्यूयॉर्कलाच. गाव टूसिस्ट पॅरिश, कौंटी केरी. आणि सहीच्या जागी एक फुली. किंचित तिरकी, दाबून काढलेली, जणू कुऱ्हाडीने खाच पाडावी तशी. तिच्या आजूबाजूला कारकुनाने लिहिले होते, ‘त्याची खूण’.

मी यंत्राचा दिवा तसाच चालू ठेवून बराच वेळ बसलो.

टूसिस्ट हे नाव कळल्यावर पुढची कथा छापील पुस्तकांतच होती आणि ती सुखाची नव्हती. नैऋत्य आयर्लंडमधला हा खडकाळ भाग केनमेअरच्या खाडीलगत आहे. तिथली बहुतेक जमीन लॅन्सडाउनच्या मार्क्विसची. दुष्काळात त्याची कुळे केनमेअरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरीबगृहात, येऊन पडली. १८५०च्या अखेरीस त्याचा कारभारी विल्यम स्ट्युअर्ट ट्रेंच याने हिशेब मांडला. एका माणसाला तिथे वर्षभर पोसण्यापेक्षा त्याचे अमेरिकेचे तिकीट काढणे स्वस्त पडते. आठवड्याला दोनशे याप्रमाणे माणसे रवाना होऊ लागली. १८५१मध्ये सुमारे १७०० गेली. ट्रेंचने पुढे १८६८ साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही कामगिरी अभिमानाने लिहिली आहे. ती माणसे न्यूयॉर्कला उतरली ती फाटक्या कपड्यांत, आणि त्यांच्यातली पुष्कळ ‘फाइव्ह पॉइंट्स’ नावाच्या, त्या शहरातल्या सर्वांत बदनाम झोपडवस्तीत येऊन राहिली.

लॅन्सडाउन हे नाव आपल्याला अनोळखी नाही. याच मार्क्विसचा नातू, ज्याच्याकडे पुढे ही केरीची जमीन वारशाने आली, तो १८८८ ते १८९४ हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. गढवालमधले लॅन्सडाउन हे थंड हवेचे गाव त्याच्याच नावाचे. म्हणजे माझ्या सुनेचे पूर्वज आणि माझे पूर्वज, दोघांनीही एकाच घराण्यापुढे मान लववली होती. हा नातेसंबंध काही पत्रिकेत जुळत नाही!

इतिहासकार टायलर ॲनबिंडर यांनी बँकेच्या याच वह्या वापरून या लोकांचा अभ्यास केला आहे. त्यांना आढळले की, ज्यांना सगळे कायमचे भिकारी समजत होते, त्यांच्यातल्या पुष्कळांनी थोड्याच वर्षांत चकित व्हावे अशी शिल्लक जमवली होती. आमच्या फुलीवाल्याच्या खात्यावरही चार वर्षांत दीडशे डॉलरांच्या वर जमले होते. त्याचे तिकीट जमीनदाराने काढले याचा कागद माझ्याजवळ नाही. गाव, साल आणि वस्ती जुळते, एवढेच मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. व्याह्यांनाही तेवढेच सांगायचे ठरवले.

एका रविवारी दुपारी, मागच्या अंगणात, मी त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. आधी कॉर्कच्या मृत्यूची नोंद, मग वहीचे पान. चष्मा लावून त्यांनी दोन्ही वाचले. चेहरा पडत गेलेला मला दिसत होता. सौ. खिडकीतून माझ्याकडे पाहत होती, ती नजर मी जन्मात विसरणार नाही. ते काही न बोलता उठून आत गेले. तीन दिवस त्यांचा फोन नाही. सूनबाई माझ्याशी नेहमीसारखे बोलत होत्या, पण ‘बाबा’ म्हणताना थोडे थांबत होत्या. मला वाटले, आपल्या हौसेपायी आपण एका आजारी माणसाचे घर मोडले.

चौथ्या दिवशी ते स्वतः गाडी चालवत आले. कोट काढायच्या आत म्हणाले, “आमच्या घरात सांगत आलेत की तो स्वतःच्या शेतातला शेवटचा गोऱ्हा विकून, स्वतःच्या पैशाने आला. तुमच्या कागदाप्रमाणे त्याच्याकडे गोऱ्हा नव्हता.”

“नसावा,” मी म्हणालो.

“शेतही नव्हतं.”

“स्वतःचं नव्हतं.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आणि आई मागे राहिली होती. हे आम्हांला कोणी सांगितलं नाही. पावणेदोनशे वर्षांत कोणी नाही.” त्यांनी माझ्याकडून पेन घेतले आणि वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक फुली काढली, त्या पानावरच्यासारखी, तिरकी. “माझी सही फार वळणदार आहे. पगाराच्या स्लिपवर करायचो तेव्हा साहेब हसायचे,” ते म्हणाले आणि त्या फुलीकडे बघत राहिले.

आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी, २०२४च्या सप्टेंबरमध्ये, डॉक्टरांची परवानगी काढून सूनबाई त्यांना आयर्लंडला घेऊन गेल्या. टूसिस्टमध्ये दाखवण्यासारखे घर नव्हतेच. पॅरिश कळली, पण वाडी त्या वहीत नव्हती. खाडी, डोंगर, नेचे आणि कुठे कुठे दगडांचे ढीग. यांतला कोणता आपला, हे कोणीच सांगू शकले नाही. सूनबाईंनी व्हिडिओ कॉल लावला. व्याही वाऱ्यात टोपी धरून उभे होते. या वेळी डोळे कोरडे होते. त्यांनी खाडीकडे बोट दाखवून विचारले, “तुमचं कोकण असंच दिसतं का?” मी म्हणालो, “थोडंफार. माडांची सोय नाही तुमच्याकडे.” ते हसले. तिथून त्यांनी काहीही उचलून आणले नाही.

पण परतताना त्यांनी गाडी वाकडी करून कॉर्कच्या त्या जुन्या खेड्यात नेली. मखमलीत गुंडाळलेला दगड अमेरिकेहून बरोबर नेला होता. भिंतीत ज्या फटीतून तो काढला होता ती त्यांना आठवत होती. तिथे तो नीट दाबून बसवला, टोपी काढली आणि त्या घराच्या मालकाला उद्देशून दोन शब्द बोलले. काय बोलले ते सूनबाईंना वाऱ्यात ऐकू आले नाही.

बँकेत एखादी रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली तर खाडाखोड करत नाहीत. त्याच रकमेची उलट नोंद घालतात, म्हणजे ज्याचे त्याला पोचते आणि चूक झाली होती हेही वहीत राहते. मोटरमनला हे कोणी शिकवले होते, कोण जाणे.

गेल्या खेपेला त्यांच्या घरी गेलो तेव्हा फळीवर टेस्ट बुकातल्या त्या पानाची चौकट होती. शेजारी मखमलीचा तुकडा तसाच ठेवलेला. चौदा वर्षांच्या वजनाने त्यात पडलेला खळगा अजून भरून आलेला नव्हता.